इंडिकेटर सरकवण्याआधी काय काय जमवायचं

मोटरसायकलला सॅडल बॅग (सीटच्या बाजूला लटकणारी) लावली की मागचे इंडिकेटर बॅगेआड जातात. पुढे विंडशील्ड किंवा जादा दिवे आले की पुढच्या इंडिकेटरना जागा उरत नाही. मग ते चार इंच इकडचे तिकडे करायचे ठरतं. काम तसं अर्ध्या तासाचं, पण गाडी खोलून बसल्यावर हवा तो नट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे नसतो आणि अख्खा रविवार त्यातच जातो. म्हणून पान्हा उचलण्याआधी व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी), वही आणि पेन घ्यावं. खरेदी त्यानंतर.

सगळ्यात आधी इंडिकेटरच्या दांडीचे आटे मोजा. दांडी आतून पोकळ असते आणि वायर त्यातूनच बाहेर येते. बाहेरचा व्यास साधारण 8 किंवा 10 मिमी भरतो, म्हणजे एम8 किंवा एम10. घोळ होतो तो पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या मिमीतल्या अंतरात. एम8 ला दुकानातला साधा नट 1.25 पिचचा असतो आणि इंडिकेटरची दांडीही बहुधा तीच, त्यामुळे तिथे निभावतं. एम10 चा साधा नट मात्र 1.5 पिचचा, आणि इंडिकेटरच्या दांड्या बऱ्याचदा 1.25 च्या. असा नट एक-दीड फेरा हाताने छान फिरतो, मग अडकतो. तिथे पान्हा लावून जोर केला की पोकळ दांडीचे आटे सपाट झालेच. पिच मोजायचं थ्रेड गेज असेल तर उत्तम. नसेल तर गाडीवरचा जुना नट काढून खिशात टाका आणि दुकानात त्याच्या शेजारी नवा धरून बघा. मागताना ‘एम10, सव्वाचा पिच’ असं स्पष्ट सांगा. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला फाइन पिचचे नट सुटे मिळण्याची शक्यता जास्त. चार लागणार असतील तर सहा घ्या. एखादा सायलेन्सरमागे पडून गटारात जातोच.

दांडीची लांबी हा दुसरा आकडा, आणि तो कुणीच मोजत नाही. हिशोब साधा आहे. ब्रॅकेटची पट्टी 3 मिमी, तिच्या दोन्ही बाजूंना 2-2 मिमीचे रबरी वॉशर, एम10 चा लोखंडी वॉशर 2 मिमी, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) अंदाजे 10 मिमी, आणि नटाबाहेर दोन आटे दिसायला हवेत म्हणून 2.5 मिमी. बेरीज झाली 21.5. दांडीवर आटे 20 मिमीच असतील तर नायलॉकची नायलॉन रिंग आट्यांना पुरती धरतच नाही आणि नट खड्ड्याखड्ड्याने मागे येतो. अशा वेळी 5 मिमीचा पातळ नट घ्या. बेरीज 16.5 वर येते आणि काम होतं. पातळ नटाला निळा थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावावा लागतो, पण तो फक्त धातूच्या दांडीवर. स्वस्त इंडिकेटरची दांडी एबीएस प्लास्टिकची असते आणि थ्रेडलॉक लागला की असं प्लास्टिक ताणाच्या जागी तडकतं, कधी दोन दिवसांनी, कधी लगेच. प्लास्टिकच्या दांडीला नायलॉकच हवा. लांबी कमी पडत असेल तर पट्टी 2 मिमीची घ्या, पण रबर काढू नका. एका सिलिंडरच्या गाडीची थरथर तेच रबर गिळत असतं.

आता जागा. मागच्या दोन इंडिकेटरच्या आतल्या कडांमध्ये किमान 180 मिमी, पुढच्यांमध्ये 240 मिमी, जमिनीपासून उंची 350 ते 1200 मिमी आणि बाहेरच्या बाजूला 80 अंशांपर्यंत दिसायला हवा, असे संयुक्त राष्ट्रांच्या दुचाकी-दिव्यांच्या 53 क्रमांकाच्या नियमावलीतले आकडे आहेत. आपल्याकडेही तेच डोळ्यापुढे ठेवायला हरकत नाही. मागची नंबर प्लेट 200 मिमी रुंद असते, त्यामुळे प्लेटच्या दोन्ही बाजूंना बाहेर इंडिकेटर बसवले तर 180 आपोआप सुटतं. खरी अडचण 80 अंशांची. मोजमाप रिकाम्या बॅगेवर घेतलं की फसलंच. कापडी बॅग भरल्यावर दोन-तीन इंच फुगते आणि मागेही लोंबते. म्हणून बॅगेत कपडे कोंबून, रेन कव्हर चढवून मगच जागेवर खूण करा. मागे दहा पावलांवर सरळ, मग तिरकं उभं राहून बघा. ओव्हरटेक करणारा रिक्षावाला त्या तिरक्या जागेवरूनच येतो. आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेटला भोक पाडायचं नाही. ब्रॅकेट प्लेटच्या मागच्या धारकाला किंवा मडगार्डच्या बोल्टला धरायचं.

ब्रॅकेट तयार मिळतं. सॅडल स्टेसोबत, म्हणजे बॅग चाकापासून लांब धरणाऱ्या सांगाड्यासोबत, एखादी पट्टीही येते, पण ती बहुतेक वेळा एकाच भोकावर टांगलेली असते. एका बोल्टवरची पट्टी काही दिवसांत फिरते आणि इंडिकेटर खाली मान घालतो. दोन बोल्टांची घ्या, किंवा एका टोकाला काटकोनात दुमडलेली, जी मडगार्डच्या कडेला अडकून फिरणार नाही. फॅब्रिकेटरकडून करून घेणार असाल तर 25 मिमी रुंद, 3 मिमी जाड लोखंडी पट्टी पुरते. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहणार असेल तर 304 स्टेनलेस, 2 मिमी. अॅल्युमिनियम हलकं आणि दिसायला झकास, पण दुमडीत बारीक तडा जातो आणि थरथरीने तो वाढत जातो. बोल्टापासून इंडिकेटरपर्यंत 70 मिमीच्या पुढे नेऊ नका. त्याहून लांब पट्टी आयडलिंगला माशाच्या शेपटीसारखी हलते. भोक पाडताना आधी सेंटर पंचने (टोकदार खुणेच्या खिळ्याने) खूण, मग 4 मिमी, मग 10.5 चं बिट. कडा कानसीने मोडा आणि उघड्या पत्र्याला लगेच रंग लावा.

पुढच्या बाजूला फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर) क्लॅम्प लावायचा तर व्यास नेमका हवा. रॉयल एनफील्डच्या जुन्या (2021 आधीच्या, यूसीई इंजिनच्या) क्लासिक 350 चा फोर्क 35 मिमी, 2021 च्या नव्या क्लासिकचा 41, इंटरसेप्टर 650 चाही 41. पण हा आकडा वाचून ऑर्डर टाकली की हमखास चुकते, कारण क्लासिकच्या फोर्कवर वरून पत्र्याचं कव्हर असतं. क्लॅम्प बसणार त्या कव्हरवर आणि त्याचा व्यास जास्त. व्हर्नियर पोहोचत नसेल तर दोरा गुंडाळा, लांबी मोजा, 3.14 ने भागा. 110 आली तर 35 मिमी, 129 आली तर 41. क्लॅम्प थोडा मोठा मिळाला तर आत रबरी पट्टी घालता येते, लहान मिळाला तर परत करा. फोर्कचा जो चकचकीत भाग सीलमधून वरखाली होतो तिथे क्लॅम्प कधीही नको. एक ओरखडा पडला तरी ऑइल सील गळतं. उघडा फोर्क असेल तर वरच्या आणि खालच्या टीच्या (फोर्क जोडून धरणाऱ्या आडव्या तुकड्यांच्या) मधली जागाच सुरक्षित. हेडलाइटला खेटूनही नको, रात्री त्या झगमगाटात पिवळी उघडझाप हरवते.

वायरीकडे आता. 10 वॅटच्या बल्बला 12 व्होल्टवर जेमतेम 0.83 अँपियर लागतात, त्यामुळे 0.5 चौरस मिमी वायर विजेच्या दृष्टीने भरपूर. तरी 0.75 ची मऊ ऑटो वायर घ्या, ओढाताणीत टिकते. प्रत्येक इंडिकेटरला 30 सेंमी जादा धरा. पुढे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना ते बघा. वायरीच्या टोकाचा कपलर (प्लास्टिकचा जोड) पोकळ दांडीतून किंवा नटातून जात नाही, म्हणून वायर कापण्याची घाई होते. कापू नका. बारीक सपाट टोकाने कपलरमधली पिन दाबली की ती मागे सरकून निघते. निघण्याआधी कोणती पिन कुठल्या घरात होती त्याचा फोटो काढून ठेवा. जोड द्यायचाच तर क्रिम्प करून (धातूची नळी दाबून) वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. नुसती काळी टेप पहिल्या पावसाळ्यात चिकट होऊन सुटते. पत्र्यातून वायर जाते तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबरी कडं) हवंच.

एक पेच मात्र जुन्या, लोखंडी बॉडीच्या इंडिकेटरचा. त्यांना एकच वायर येते, अर्थिंग (विजेची परतीची वाट) दांडीतून फ्रेमला जातं. नवी पट्टी पावडर कोटेड, त्यावर रबर, म्हणजे अर्थिंग तुटलं. मग इंडिकेटर मंद लागतो, लागतच नाही, किंवा टेललाइट त्याच्याबरोबर लुकलुकते. बल्ब बदलून काही होत नाही. दांडीला गोल लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावून वेगळी काळी वायर फ्रेमपर्यंत न्या आणि फ्रेमवरचा रंग तेवढ्याच जागी खरवडा.

जुनेच इंडिकेटर सरकवत असाल तर फ्लॅशरला (उघडझाप घडवणाऱ्या डबीला) हात लावायची गरज नाही. एलईडीचे घेतले तर उघडझाप भरभर होते, कारण फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखं वाटतं. एलईडीला चालणारा फ्लॅशर टाका. मिनिटाला 60 ते 120 च्या आत वेग राहिला पाहिजे. फ्लॅशर वेगळा नसलेल्या गाड्यांत रेझिस्टर लावतात, पण 10 ओहमच्या रेझिस्टरमध्ये 12 व्होल्टवरच सुमारे 14 वॅट जळतात आणि तो तापतो. तो 25 वॅटचा घ्या आणि धातूवर कसा, वायरींच्या गुंत्यात सोडू नका.

कंपनीची वॉरंटी चालू असेल तर हार्नेस (गाडीचा मूळ वायरींचा जुडगा) न कापता काम करा. मूळ नट, वॉशर, रबर एका डबीत ठेवा, गाडी विकताना लागतात. बसवून झाल्यावर इंजिन चालू ठेवून चारही इंडिकेटर बघा, मग ब्रेक दाबून पुन्हा बघा. नट आणि पट्टी दोन्हींवर मिळून मार्करने एक आडवी रेघ मारा. शंभरेक किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट सैल होतोय, आणि बहुतेक वेळा तिथे वॉशर चुकीचा असतो.