हमामाची दुरुस्ती: आधी धुराची वाट, मग ओल, मग चुना

नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत उतरू पाहणाऱ्या तरुण वास्तुविशारदांनी उस्मानी हमामाचा, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या काळातील वाफेच्या स्नानगृहाचा, अभ्यास आवर्जून करावा, असे मला मनापासून वाटते. वाफ, पाणी आणि आच या तिन्हींना एकाच वेळी तोंड देणारे चुन्याचे बांधकाम तिथे पाहायला मिळते. इस्तंबूलला जाणे जमले नाही, तर बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमाम पाहावा. तो मुघल घडणीचा असला, तरी पुष्कळ शिकवतो.

काम हाती घेताना प्रथम धुराची वाट शोधावी. कपडे उतरवण्याचे दालन, मग कोमट दालन आणि शेवटी उष्ण दालन, असा हमामाचा क्रम असतो. उष्ण दालनाची फरशी आखूड खांबांवर तोललेली असून तिच्याखालच्या पोकळीतून भट्टीचा धूर फिरतो आणि भिंतींत बसवलेल्या नळ्यांतून वर निघून जातो. या नळ्या काजळीने तुंबल्या आहेत की नंतरच्या दुरुस्तीत बुजवल्या गेल्या, हे तपासून नकाशावर मांडल्याशिवाय एकही फरशी उचलू नये.

त्यानंतर ओलीचा माग काढावा. घुमटावरचे शिशाचे पत्रे आणि उजेडासाठी ठेवलेल्या गोल छिद्रांवरच्या काचा, यांच्या कडा आधी पाहाव्यात. नंतरच्या काळात सिमेंटचा गिलावा झाला असेल, तर तो हातछिन्नीने सावकाश काढावा, कारण सिमेंट ओल कोंडून धरते आणि मागच्या विटांना लोणा लागतो. उघडी केलेली भिंत सुकायला कित्येक महिने लागतात. ती सुकण्याआधी पुढचे काम करण्याची घाई मात्र कोणीही करू नये.

तुर्की गवंडी ज्याला ‘होरासान’ म्हणतात, तो मसाला म्हणजे चुना आणि विटांची भुकटी, आपल्या भाषेत सुरखीचा चुना. कमी आचेवर भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याशी रासायनिक संयोग पावते, म्हणूनच हा मसाला ओलीतही घट्ट होतो. फार भाजून काळपट झालेली वीट इथे उपयोगाची नाही. एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग सुरखी व वाळू मिळून, या प्रमाणापासून सुरुवात करून जुन्या मसाल्याशी ताडून पाहावे. याचे नमुने नागपुरात मे महिन्यात करू नयेत, कारण 45 अंशांच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळून भुगा होतो. पावसाळा संपल्यावर नमुने घालावेत, त्यांवर ओले गोणपाट ठेवावे आणि निदान महिनाभर थांबून मगच नखाने व खिळ्याने ओरखडून पाहावे.

उस्मानी दरबाराचे वास्तुविशारद मिमार सिनान यांच्या नावे ओळखला जाणारा, इस्तंबूलमधला 1584 चा चेंबरलीताश हमाम आजही स्नानासाठी वापरात आहे, तेव्हा दुरुस्तीनंतर भट्टी पुन्हा पेटवणे हाच खरा हेतू असावा. पहिली आच अगदी मंद ठेवून ती दिवसागणिक थोडी थोडी वाढवावी, आणि भिंतीत जिथे धूर झिरपताना दिसेल तिथे खडूने खूण करून, भट्टी विझवून, ती दरज पुन्हा भरावी.