कुट्टक: नावातच रीत सांगणारा शब्द

कुट्टक ही जुन्या भारतीय गणितातली, नि:शेष भाग जाईल असा गुणक शोधायची रीत. शब्द संस्कृत ‘कुट्ट्’ धातूपासून आला. आपलं कुटणं तेच. इथे मात्र संख्या कुटायच्या असतात: मोठ्या संख्यांचा भागत-भागत चुरा करायचा. रीत आर्यभटाने इ.स. 499च्या सुमारास ‘आर्यभटीय’ ग्रंथातल्या गणितपाद या भागाच्या शेवटच्या दोन श्लोकांत दिली, पण त्या श्लोकांत हा शब्द नाही. ब्रह्मगुप्ताच्या 628 सालच्या ग्रंथात मात्र ‘कुट्टकाध्याय’ असा स्वतंत्र अध्यायच आहे, आणि त्यात बाकीचं बीजगणितही येतं.

प्रश्न असा: 37ला कितीने गुणून 7 मिळवले की 16ने नि:शेष भाग जाईल? 37 भाज्य, 16 हार, 7 क्षेप. शोधायचा तो गुणक, आणि भागून येते ती लब्धी.

आधी भाज्य-हारांचा मसावि पाहा. तो 1हून मोठा असेल तर तिघांनाही त्याने भागा. क्षेपाला त्याने भाग जात नसेल तर उत्तरच नाही. भास्कराचार्य अशा उदाहरणाला ‘दुष्ट’ म्हणतात.

आता कुटा. 37 भागिले 16: भागाकार 2, बाकी 5. 16 भागिले 5: भागाकार 3, बाकी 1. बाकी 1 आली की थांबा, शून्यापर्यंत जाऊ नका. भागाकार एकाखाली एक लिहून त्याखाली क्षेप आणि शेवटी 0 मांडा: 2, 3, 7, 0. ही वल्ली, म्हणजे वेल.

खालून वर चढा. शेवटून दुसऱ्या संख्येने तिच्या वरचीला गुणा, शेवटची मिळवा आणि ती शेवटची पुसा. 3×7+0 = 21. मग 2×21+7 = 49. उरले 49 आणि 21. गुणक 21मधून हार 16 वजा केला की 5; लब्धी 49मधून भाज्य 37 वजा केला की 12. दोन्हीकडे तितक्याच वेळा वजा करा, नाहीतर उत्तर बिघडतं. ताळा: 37×5+7 = 192 = 16×12. गुणकात हार आणि लब्धीत भाज्य मिळवत गेलात की पुढची उत्तरं: 21 व 49, 37 व 86.

सगळ्यात जास्त चुका भागाकार मोजण्यात होतात. वरची रीत भागाकारांची संख्या सम असेल तर चालते. ती संख्या विषम असेल तर गुणक हारातून आणि लब्धी भाज्यातून वजा करावी लागते. भाज्य 11, हार 5, क्षेप 3 घ्या: भागाकार एकच, 2. वल्ली गुणक 3, लब्धी 6 देते, पण 11×3+3 = 36, आणि 5×6 = 30. वजा केल्यावर 2 आणि 5 येतात: 11×2+3 = 25. क्षेप ऋण असेल तर सम-विषमचा हाच नियम उलटा. भाज्य हारापेक्षा लहान असेल तर पहिला भागाकार 0 येतो. तोही लिहायचा आणि मोजायचा.