हार्वेचा प्रयोग, मुलांच्याच हातावर

दहावीला रक्ताभिसरण शिकवताना मी फळ्यावरची आकृती शेवटी काढतो. आधी हात. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत तालमीत जाणारा एखादा पोरगा असतोच, त्याच्या शिरा ठळक दिसतात. नुकतंच सलाइन लावलेल्या मुलाला मात्र बसवू नका.

कोपराच्या वर, दंडाला रुंद सुती पट्टी बांधा. सुतळी नको. मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. लागेनाशी झाली तर पट्टी लगेच सैल करा. हात खाली सोडून मूठ आवळायला-सोडायला सांगा. शिरा फुगतात आणि मधे मधे बारीक गाठी उठतात. "सर, गाठी दिसायल्यात की!" असं पोरं ओरडतात. त्या झडपा.

आता मनगटाच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून खांद्याकडे, पुढच्या गाठीच्या पलीकडे रक्त सारत न्या आणि हे दुसरं बोट उचला. मधला तुकडा सपाटच राहतो! वर रक्त तुंबलेलं, तरी खाली उतरत नाही. मग खालचं बोट उचला, शीर झटकन भरते. प्रत्येकाला स्वतः करू द्या. पट्टी मिनिट-दोन मिनिटांत सोडायची.

विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने हेच 1628 च्या ग्रंथात चित्रांसह दाखवलं. या झडपा त्याचे इटलीतल्या पादुआचे गुरू फाब्रिसियस यांनी आधीच वर्णिल्या होत्या, पण त्या रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात हे हार्वेने ओळखलं. यकृतात रक्त सतत नवं तयार होतं, अवयव ते संपवतात, ही प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनची शिकवण तेव्हा प्रमाण होती. हार्वेने चक्क हिशेब मांडला. तो आजच्या आकड्यांनी पोरांकडून करून घ्याच: एका ठोक्याला सुमारे 70 मिली, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे तासाला 300 लिटर. पंधरा लिटरच्या वीस घागरी! अंगात रक्त जेमतेम 5 लिटर. मग तेच फिरत असणार. शरीराला प्रश्न विचारून, मोजून उत्तर घ्यायची ही रीत मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

रोहिणीतून शिरेत रक्त जातं कसं, हे हार्वेला दिसलं नाही. 1661 मध्ये इटलीच्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात या दोघींना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या पाहिल्या. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर ओढ्यातला छोटा मासा ओल्या कापसात गुंडाळून, शेपूट काचेवर पसरून दाखवा. रक्तपेशी एकामागोमाग सरकताना दिसतात. कापूस ओला ठेवा, आणि बघून झालं की मासा लगेच पाण्यात सोडा.