बिको, सुमान, पालिताव: या चुका टाळा

मनिलात नव्याने आलेली आपली माणसं काकानिन खाताना पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात. काकानिन म्हणजे इथले तांदळाचे गोड पदार्थ; शिजवलेल्या भाताला 'कानिन' म्हणतात, त्यावरून आलेलं नाव.

पहिली चूक म्हणजे भरपेट जेवणावर बिको खाणं. चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गुळासारखी तांबूस साखर यांची ही वडी. ताटात भात झालेलाच असतो, त्यावर पुन्हा भातच! या मलाग्कित, म्हणजे चिकट, तांदळातला स्टार्च जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिन असतो, त्यामुळे तो भराभर पचतो आणि रक्तातली साखर झपाट्याने चढते. इथली माणसं बिको मेरिएंदाला, म्हणजे मधल्या वेळी खातात. मीही चार वाजता दोन बोटं रुंदीचा तुकडा घेते आणि त्या रात्री भात लावत नाही.

दुसरी चूक घाईची, आणि ती मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी पाहुणे यायचे होते म्हणून तांदूळ न भिजवताच नारळाच्या दुधात साखरेसकट शिजायला टाकले. तासाभराने दाणा दाताखाली कच्चाच. मी आणखी दूध ओतलं, मग फिकं लागलं म्हणून आणखी साखर. शेवटी परातभर तुपकट, मिट्ट गोड लगदा झाला. शेजारच्या लोलांनी, म्हणजे आजींनी, एक घास चाखला आणि विचारलं, "रात्री भिजवले नव्हतेस ना?" साखर आधी पडली की दाणा पाणी नीट शोषत नाही. तेव्हापासून तांदूळ रात्रभर भिजवते, नुसत्या पाण्यात मऊ शिजवते आणि मगच आटवलेल्या दूध-साखरेत घालते. साखर निम्मी पुरते. झटपट रेसिपी मला कुणी पाठवू नये.

चिकट तांदळाच्या 'ग्लुटिनस' या इंग्रजी नावाला घाबरू नका, या तांदळात ग्लुटेन नसतं.

नारळाच्या दुधाचे पदार्थ इथल्या उकाड्यात दिवसभर बाहेर ठेवू नका. सुमान म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट तांदूळ; फ्रिजमध्ये कडक झालेलं सुमान पानासकट वाफवा, पुन्हा मऊ होतं. सोबत पिकलेला आंबा असेल तर साखर लागतच नाही.

पालिताव म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाची पाण्यात उकडलेली चकती. ती करताना चकती पाण्यावर तरंगेपर्यंत थांबा. 'लिताव' म्हणजेच वर येणं. मग ती ओल्या नारळाच्या चवात घोळवा. तीळ-साखर वरून भुरभुरू नका, वाटीत वेगळी द्या. मुलं चकतीचं टोक बुडवतात आणि तेवढ्यावरच खूश होतात.