प्रवासाचे क्रेडिट कार्ड निवडताना या चुका टाळा

प्रवासावर रिवॉर्ड पॉइंट (खर्चाच्या बदल्यात मिळणारे, सवलत म्हणून वापरता येणारे गुण) देणाऱ्या कार्डांच्या जाहिरातीत विमानतळावरील लाउंज, म्हणजे आरामात बसण्याचा खास कक्ष, सर्वांत ठळक असते. यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या गावातून निघणाऱ्या माणसाचा प्रवास मात्र एसटीने सुरू होतो आणि धामणगाव, बडनेरा किंवा अकोल्याहून रेल्वेने पुढे जातो. आपण वर्षभरात कुठे, कशाने आणि कोणत्या वर्गाने जातो हे न पाहता कार्ड घेणे ही पहिली चूक होय. एप्रिल २०२५ पासून अमरावतीहून मुंबईला विमान सुरू झाले आहे हे खरे, परंतु वर्षातून एखाद्या वेळी विमानात बसणाऱ्याने लाउंजसाठी मोठी वार्षिक फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी भरण्यात अर्थ नाही. शिवाय अनेक कार्डांवर लाउंजची सवलत आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच मिळते.

रेल्वेचे कार्ड अधिक उपयोगी ठरू शकते, पण त्याच्याही अटी वाचाव्यात. अशा कार्डावर जास्त पॉइंट बहुधा एसी वर्गाच्या आणि आयआरसीटीसीवर स्वतःच्या खात्यातून काढलेल्या तिकिटांवरच मिळतात. विदर्भ एक्सप्रेसचे स्लीपर तिकीट काढणाऱ्याच्या किंवा तालुक्याच्या गावी एजंटाकडे कार्ड देणाऱ्याच्या वाट्याला हे पॉइंट सहसा येत नाहीत. पॉइंट जमा झाले नाहीत अशी तक्रार असेल, तर आधी हेच तपासावे आणि तिकीट रद्द केले होते का तेही आठवून पाहावे, कारण त्याचे पॉइंट परत काढून घेतले जातात.

सर्वांत महाग चूक निराळीच आहे. कार्डाचे बिल दर महिन्याला येते, तर कापसाचा चुकारा दिवाळीनंतर हाती पडतो. समजा, उन्हाळ्यात तिरुपतीला जाण्यासाठी कुटुंबाची तिकिटे आणि मुक्काम मिळून ४०,००० रुपये कार्डावर खर्च केले आणि बिल आल्यावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून २,००० रुपयेच भरले. महिना साडेतीन टक्के दराने सुमारे १,४०० रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी लागतो, आणि एक टक्का दराने मिळालेले पॉइंट असतात जेमतेम ४०० रुपयांचे. थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे जूनमध्ये त्याच कार्डावर बियाणे घेतले तर त्याचेही व्याज पहिल्या दिवसापासून चढते. माझ्या मते, जेवढी रक्कम बचत खात्यात आधीच पडून आहे तेवढाच प्रवास कार्डावर करावा, आणि ऑटो डेबिट (खात्यातून बिल आपोआप भरले जाण्याची सोय) ठेवताना ‘किमान’ऐवजी ‘पूर्ण रक्कम’ हा पर्याय निवडला आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. एटीएममधून कार्डाने रोख काढू नये. तिथे शुल्क आणि व्याज दोन्ही लगेच सुरू होतात.

गावात स्वाइप मशीन क्वचितच दिसते, क्यूआर मात्र कृषी केंद्रापासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे असतो. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडायचे असेल तर ते ‘रुपे’ या भारतीय कार्ड-जाळ्याचेच लागते. तेही दुकानदाराच्या व्यक्तिगत खात्याच्या क्यूआरवर चालत नाही, आणि यूपीआय खर्चावर पॉइंट कमी देणारी कार्डे आहेत.

अर्ज नाकारला गेला म्हणून लगेच दुसऱ्या, तिसऱ्या बँकेत अर्ज करत सुटू नये. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिल अहवालात, म्हणजे आपल्या कर्जव्यवहारांच्या नोंदीत, नोंदली जाते आणि ट्रॅक्टरच्या कर्जाच्या वेळी तोच अहवाल समोर येतो. पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र नसलेल्या शेतकऱ्याला मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड हा सरळ मार्ग आहे.

कार्ड उपयोगाचे नाही असे ठरले, तर ते कपाटात ठेवून फी भरत राहू नये. सर्व देणी चुकती करून बंद करण्याचा अर्ज दिल्यावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, अन्यथा पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठी अर्जाची पोच जपून ठेवावी.