डिशवॉशर गळतोय? आधी बघा, कधी गळतोय

पिंपरीच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सला होतो, त्यामुळे कोथरूडच्या आमच्या घरात काही गळलं-तुटलं की सगळे माझ्याकडे बघतात. गेल्या पावसाळ्यात डिशवॉशरखाली पाणी दिसलं, तेव्हा मात्र हिने आधी वरच्या मजल्यावाल्यांवर संशय घेतला. दोन दिवस त्यातच गेले.

पहिलं काम: प्लग काढा, कॉक बंद करा, फरशी खडखडीत कोरडी पुसा. मशीनच्या पुढे, बाजूला आणि शक्य तितकं खाली-मागे वर्तमानपत्र पसरा. आता फक्त कॉक उघडा आणि अर्धा तास थांबा. मशीन बंद असतानाच मागचा कागद भिजला, तर दोष पाण्याच्या नळीच्या जोडाचा. नट उघडून आतला रबरी वॉशर बघा. आमचा इतका कडक झाला होता की वाकवल्यावर त्याचे दोन तुकडे झाले. नवा वॉशर बोहरी आळीत मिळाला, किरकोळ पैशांत. नट हाताने आवळा, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. प्लंबर लोक इथे टेफ्लॉन टेप गुंडाळतात. त्याचा उपयोग नाही, कारण पाणी आट्यांवर अडत नाही, वॉशरवर अडतं.

कागद कोरडा राहिला तर प्लग लावा, छोटा प्रोग्रॅम सुरू करा आणि चहा घेऊन समोर स्टुलावर बसा. सॉकेटपर्यंत पाणी गेलं असेल तर हे अजिबात करू नका.

धुणं चालू असताना दाराखालून पाणी आलं, तर मशीन थांबवून दार उघडा. आत फेस दिसतोय? मग कुणीतरी सिंकवरचं लिक्विड ओतलंय. आमच्याकडे पाहुण्यांनी मदत म्हणून ओतलं होतं! फेस वाटीने काढा, बसू द्या, आणि नुसत्या पाण्यावर एक-दोनदा चालवा. मशीनमध्ये मशीनचीच पावडर किंवा गोळी घालायची.

फेस नसेल तर दाराभोवतीच्या रबरावरून बोट फिरवा, खालच्या कोपऱ्यांत विशेष. मला तिथे काय सापडलं? फोडणीतली मोहरी. दोन दाणे आणि कढीपत्त्याचा एक देठ, रबराच्या घडीत चिकटून बसलेले. तेवढ्या फटीतून थेंब-थेंब पाणी यायचं. ओल्या फडक्याने पुसलं, संपलं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तिथे क्षाराचा पांढरा थरही जमतो. सुरीने खरवडू नका, रबर कापलं जाईल. थोडं व्हिनेगर लावून पुसा.

आणखी एक सवय तपासा. मोठी कढई तिरकी ठेवली की आतल्या पाणी उडवणाऱ्या फिरत्या पंख्याचा फवारा तिच्यावर आपटून थेट दाराच्या खालच्या कडेवर येतो. उभा ठेवलेला झारा पंख्याला अडला, तरी तेच. पंखा हाताने एकदा गोल फिरवून बघायचा, मगच दार लावायचं. पंख्याला चीर गेली असेल तर तो बदलावाच लागतो. मशीन पुढे झुकलेलं नाही ना, हे स्पिरिट लेव्हलने बघून पाय फिरवा.

पाणी शेवटी, उपसताना आलं, तर मागची आउटलेट नळी आणि तिची क्लिप बघा. सिंकखालीही वाका. बऱ्याचदा मशीन निर्दोष असतं. सिंकचा ट्रॅप, म्हणजे खालचा वाकडा पाइप, तुंबलेला असतो आणि मशीनने ढकललेलं पाणी त्याच्या जोडातून बाहेर येतं.

मशीन धुणं सोडून नुसतंच घरघरत पाणी उपसत राहिलं, तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. बऱ्याच मशीनमध्ये तिथे थर्मोकोलचा तरंगता तुकडा असतो. तो वर उचलला गेला की पंप थांबतच नाही. ट्रे कोरडा केला की आवाज थांबतो, पण पाणी तिथे आलं कुठून हा प्रश्न राहतोच. ते पंपाच्या सीलमधून येत असेल, तर मीही मेकॅनिकलाच बोलावतो. कॉक बंद ठेवतो, आणि कागद कुठे, कोणत्या मिनिटाला भिजला ते त्याला फोनवरच सांगतो. म्हणजे तो सील बरोबर घेऊन येतो, आणि दुसरी चक्कर लावत नाही.