नाईट ड्यूटीवाल्या फायरमन भावांनो, झोपेचं असं बसवा

पहिली गोष्ट, पहाटे 3 ते 5 हा माणसाचा सगळ्यात कच्चा टाइम असतो हे पक्कं धरून चाला. कितीही धडधाकट असा, त्या वेळी अंगाचं तापमान दिवसातलं सगळ्यात खाली जातं, झोप आणणारं मेलाटोनिन अजून जोरात असतं आणि जागं करणारं कॉर्टिसॉल नुकतं चढायला लागलेलं असतं. आणि आगीची वर्दी कधीकधी नेमकी तेव्हाच येते. 18 मे 2025 ला आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखाना पेटला, 8 जीव गेले, ती आग पहाटे पावणेचारच्या सुमाराची.

म्हणून स्टेशनात शांतता असेल तर दोनच्या आत 20-30 मिनिटं पाठ टेका, आळीपाळीनं. मेलाटोनिन अंधारात सुटतं आणि उजेडानं दबतं, त्यामुळं पडताना लाईट बंद आणि मोबाईल लांब, पण जागं राहायचंय तिथं मात्र ट्यूबलाईट चांगली लख्ख ठेवा. बेल वाजली की पहिली 15-20 मिनिटं डोकं जड असतं, पाय पळतात पण निर्णय चुकतात, म्हणून बंब शक्यतो जो जागाच होता त्यानं काढावा आणि पत्ता एकानं मोठ्यानं परत म्हणावा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं बघा.

चहा सुरुवातीला खुशाल घ्या, दोननंतर नको. कॅफिन निम्मं उतरायलाच 5-6 तास लागतात, मग घरी जाऊन नुसतं कूस बदलत पडायचं. जेवण ड्यूटीआधी करा, रात्री भूक लागली तर थोडी कडक भाकरी, दही, शेंगाचटणी, बास.

सकाळी सुटताना डोळे मिटत असतील तर गाडीला किक मारूच नका, कुणाच्या तरी मागं बसा. सलग 24 तास जागा माणूस रक्तात 0.10 टक्के दारू असल्यासारखा वागतो आणि आपल्याकडं कायद्याची लिमिट 0.03 आहे. मागं बसून येताना काळा गॉगल लावा, उन्हानं मेलाटोनिन लगेच दबतं.

घरी आलं की आंघोळ, हलकं खाणं आणि लगेच झोप, कारण एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42 च्या पुढं जातो आणि दुपारी पत्र्याखाली झोप लागणं अवघड, अंग जरा थंड झाल्याशिवाय गाढ झोप येतच नाही. खिडकीवर आपलीच जाडजूड सोलापुरी चादर टाका, कूलर लावा, फोन सायलेंट, आणि घरच्यांना सांगून ठेवा की हीच आमची रात्र. झोप तुटली तर संध्याकाळी ड्यूटीआधी दीडेक तास परत झोपा.

शिफ्ट बदलणार असेल तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम साहेबांकडं मागा, उलटा फिरवला की शरीराला जास्त जड जातं. मेलाटोनिनच्या गोळ्या मनानं घेऊ नका. आणि घोरणं जोरात असेल, झोपेत श्वास अडकतो असं बायको सांगत असेल तर डॉक्टरला दाखवाच, तिथं झोपेचे तास वाढवून उपयोग होत नाही.